फुटपाथवरच्या बोर्डाला परवाना मिळतो का?

नवी पेठेत बोळाच्या आत माझं शेंगाचटणीचं दुकान. तोंडाशी दोन पायांचा लोखंडी बोर्ड ठेवायचो, वाऱ्यानं पडू नये म्हणून खाली विटा. मंगळवारी महापालिकेनं बोर्ड उचलून नेला. विटा तेवढ्या ठेवल्या! रीतसर परवाना काढता येतो का?

— भाऊ, जाहिरात फलकाला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ ची कलमं २४४-२४५ लागतात. आयुक्तांची लेखी परवानगी हवी. पण रस्त्यावर वस्तू ठेवायला कलम २३० आडवं येतं, आणि २३१ खाली नोटिशीविना उचलता येतं.

— कोपऱ्यावरच्या भिंतीवर लावा की! मालकाचं संमतीपत्र घ्या. परवानगी भिंतीवरच्या बोर्डालाही लागतेच.

— तिथं चहावाला आहे. विचारतो. अर्धा किलो चटणीत जमेल बहुतेक.