पॅच मारल्यावर काळी स्क्रीन, आणि उडी उशिरा

प्रश्न: सुपर मारिओ वर्ल्डच्या रॉमवर (गेमच्या फाइलवर) चाहत्यांनी बनवलेल्या लेव्हल्सचा आयपीएस पॅच (मूळ फाइलमध्ये बदल करणारी छोटी फाइल) मारला. अँड्रॉइडवर उघडलं की नुसती काळी स्क्रीन. दुसरा हॅक (असाच बदललेला गेम) चालतो, पण उडी उशिरा लागते. काय तपासू?

उत्तर १: आधी मूळ फाइलचा आकार बघा. ५,२४,२८८ बाइट असेल तर हेडर (फाइलच्या सुरुवातीला जोडलेला जादा भाग) नाही, ५,२४,८०० असेल तर ५१२ बाइटचा हेडर आहे. आयपीएस काहीही न तपासता ठरलेल्या जागी बाइट लिहितो, त्यामुळे हेडर जुळला नाही की सगळं ५१२ने सरकतं आणि गेम सुरूच होत नाही. पॅचच्या रीडमीत (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) कोणता रॉम हवा ते दिलेलं असतं. बीपीएस (पॅचचा दुसरा प्रकार) मिळाला तर तोच घ्या, तो चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवतो आणि चुकीचा रॉम सरळ नाकारतो. पॅच नेहमी कॉपीवरच मारा.

उत्तर २: उडीसाठी रेट्रोआर्क (जुने गेम चालवणारं ॲप) वापरत असाल तर त्यात सेटिंग्ज, लेटन्सी (उशीर) इथे जाऊन रन-अहेड (गेम आधीच पुढे चालवून उशीर कमी करणारी सोय) चालू करून १ फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) ठेवा. म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद वाचतात. आकडा जास्त वाढवला तर हालचाल तुटक दिसते. ब्लूटूथ हेडफोन काढून बघा, आवाज मागे पडला तरी उडी उशिरा वाटते.

उत्तर ३: आधीच पॅच केलेल्या गेमचं तयार एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) टाकू नकाच. प्लॅटफॉर्म गेमला एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी कशाला हवी? मागितली तर लगेच अनइन्स्टॉल करा.