स्पेक्ट्रमच्या जुन्या कॅसेट्स आणि त्यांवरची चित्रे कशी जतन करावीत?

प्रश्न : संग्राहक
काकांनी ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स कंपनीच्या 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या घरगुती संगणकासाठी (ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती) जमवलेल्या खेळांच्या कॅसेट्स आता माझ्याकडे आल्या आहेत. काही खेळांची नावे आंतरजालावर कोठेच सापडत नाहीत आणि वेष्टनावरची रंगीत चित्रे घडीवर फाटू लागली आहेत. खेळ आणि चित्रे दोन्ही टिकवायची असतील, तर सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : फीतवाचक
आधी फीत हाती घ्यावी, कारण कागदापेक्षा तिचा भरवसा कमी. टेपचे हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, फितीवर खेळ ध्वनिरूपात असतो, तो ध्वनी ४४,१०० हर्ट्झवर वेव्ह (ध्वनी न आकसता साठवणाऱ्या) फाइलमध्ये उतरवावा. खरखर काढणारे फिल्टर कटाक्षाने टाळावेत आणि एमपीथ्री करू नये. स्पेक्ट्रम शून्य आणि एक हे केवळ स्पंदांच्या लांबीवरून ओळखतो आणि एकचा स्पंद शून्याच्या दुप्पट लांब असतो, त्यामुळे स्पंदांच्या कडा बोथट झाल्या की माहिती बिघडते. प्रमाण पद्धतीच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही, तर हेडचा स्क्रू किंचित फिरवून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे. स्पीडलॉकसारखे वेगवान लोडर (खेळ फितीवरून संगणकात चढवणारे प्रोग्रॅम) टॅप या साध्या फाइल-स्वरूपात मावत नाहीत, त्यांच्यासाठी टीझेडएक्स हे अधिक तपशील टिपणारे स्वरूप वापरावे. मूळ वेव्ह मात्र कधीही पुसू नये.

उत्तर : चित्रवेध
चित्रांबाबत माझा आग्रह अधिक आहे, कारण खेळाची दुसरी प्रत कोणाकडे तरी मिळू शकते, पण वेष्टन बहुतेकांनी फेकून दिलेले असते. कागद पूर्ण उलगडून दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन कराव्यात, टिफ स्वरूपात ठेवाव्यात आणि फाटलेल्या घडीला चिकटपट्टी मुळीच लावू नये. खेळ फितीवरून संगणकात चढत असताना पडद्यावर दिसणारे चित्रही वेगळे जपून ठेवावे. ते अवघ्या ६,९१२ बाइटचे असते : २५६ गुणिले १९२ बिंदूंसाठी ६,१४४ आणि रंगांसाठी ७६८. आठ गुणिले आठ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग बसत असल्याने चित्रकार आकृतीच्या कडा त्या चौकटींच्या रेषेवर आणत, आणि अनेकदा कोपऱ्यात आपली आद्याक्षरे सोडत. ओशन कंपनीच्या वेष्टनांचे बॉब वेकलिन सर्वांना ठाऊक आहेत. पण असंख्य चित्रांच्या कर्त्याचा माग काढायला ती आद्याक्षरे हाच एकमेव धागा उरतो. म्हणून ती नोंदीत जरूर लिहावीत.

उत्तर : नोंदकर्ता
हक्कांचाही विचार करावा. अ‍ॅमस्ट्रॅड या स्पेक्ट्रमचे हक्क विकत घेतलेल्या कंपनीने १९९९ मध्ये रॉम (संगणकातच कायम साठवलेली मूळ प्रणाली) वाटण्यास परवानगी दिली, पण ती यंत्राच्या रॉमपुरती होती. खेळांचे हक्क त्या त्या प्रकाशकांकडेच राहिले. १९९५ पासूनच्या 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम' या आंतरजालावरील संग्रहाने कोडमास्टर्ससारख्या नकार देणाऱ्या प्रकाशकांचे खेळ डाउनलोडसाठी दिले नाहीत, तरी त्यांच्या नोंदी ठेवल्या. आपणही खेळाची फाइल लगेच खुली न करता नाव, प्रकाशक, वर्ष आणि वेष्टनाचे स्कॅन अशा संग्रहाकडे आधी पाठवावेत. हाताने लिहिलेल्या लेबलांच्या नकली कॅसेट्सही वगळू नयेत, कारण आपल्याकडे कोणते खेळ कसे पोहोचले याचा पुरावा त्यांतूनच मिळेल.