मदत हवी आहे: किल्लारीच्या भूकंपग्रस्तांवर पीएचडी

नमस्कार मंडळी. माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. झाली आहे, तिला पीटीएसडीवर, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासावर, पीएचडी करायची आहे. ही ओढ लागली एडना फोआ यांच्या कामामुळे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या या संशोधिकेने बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठीच्या उपचारांची तुलना १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीत, साधारण ९० मिनिटांच्या सत्रात, रुग्ण ती आठवण पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो आणि टाळलेल्या जागी हळूहळू जायला लागतो. टाळत राहिल्यानेच भीती टिकते, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

भाचीला ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लहान असलेल्यांशी बोलायचं आहे.

पीटीएसडीची मराठीत प्रमाणित प्रश्नावली कुणी वापरली आहे का? या विषयाचे गाइड कोणत्या विद्यापीठात मिळतील? आणि मुलाखतीत कुणाचं दुखणं उफाळून आलं, तर लातूर-उमरग्याकडे लगेच भेटतील असे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? हे शेवटचं आधी सांगा. ती सोय झाल्याशिवाय ती एकही मुलाखत घेणार नाही, आणि मलाही तेच योग्य वाटतं.