'धरणग्रस्त' नेमके कोणाला म्हणायचे?

काठावरची:
मोठ्या धरणांमुळे नदीचे आणि नदीवर जगणाऱ्या माणसांचे काय होते, याविषयीच्या एका पुस्तिकेचा मी अनुवाद करत आहे आणि एका शब्दाशी अडले आहे. भिंत उभी राहिली की गाळ जलाशयात अडकतो, माशांच्या वरखाली जाण्याच्या वाटा बंद होतात, पूर ओसरल्यावर ओल्या गाळात पेरणी करणाऱ्यांची जमीन कोरडी राहते आणि मुखाशी खारे पाणी आत शिरते. हे सोसणाऱ्यांचे घर बुडालेले नसते, त्यांना कोणी गावातून उठवलेलेही नसते. त्यांच्यासाठी मी 'धरणग्रस्त' लिहिले, ते मजकूर तपासणाऱ्यांनी खोडले; ज्याची जमीन पाण्याखाली गेली तोच धरणग्रस्त, असे त्यांचे म्हणणे. 'धरणाखालचे लोक' लिहावे, तर 'जमीन धरणाखाली गेली' म्हणजे ती बुडाली आणि 'धरणाखालचे गाव' म्हणजे मात्र भिंतीच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेला वसलेले गाव. मग लिहावे तरी काय?

शब्दवेध:
तपासणाऱ्यांचा अर्थ रूढ असेल, पण तो शब्दात नाही. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. ग्रास त्यातूनच आला, आणि ग्रहण लागलेल्या स्थितीतच चंद्र उगवला की पंचांगात त्या ग्रहणाला 'ग्रस्तोदित' म्हणतात. ज्याची उपजीविका धरणाने गिळली तो धरणग्रस्त. पाणी त्याच्या उंबऱ्याला लागले की नाही, हे गौण आहे.

जुना वाचक:
व्युत्पत्तीने दाखला मिळत नाही. तरुणपणी मी एका धरणाच्या बुडीत क्षेत्रातील कुटुंबांच्या नोंदी करण्याच्या कामात होतो. एकदा खालच्या अंगाचा एक मासेमार आला आणि नदी आटल्यापासून जाळ्यात काही लागत नाही, आपलेही नाव लिहा, असे म्हणाला. नोंदवहीत गट क्रमांकाचा रकाना होता, आणि नदीला गट क्रमांक नसतो. त्याला परत पाठवावे लागले, हे मला आजही सलते. तरीही माझे मत असे की ज्यांनी घर, शेत आणि गावठाण असे सगळेच गमावले, त्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवावा. तो सगळ्यांना लावला तर त्याची धार जाईल आणि त्याच्या आधारे मागितलेले हक्कही सैल पडतील.

काठावरची:
आपली काळजी मला समजते, पण आकडे पाहावेत. जागतिक धरण आयोगाने २००० साली दिलेल्या अहवालात विस्थापितांचा अंदाज ४ ते ८ कोटी आहे. मोठ्या धरणांच्या खाली राहणाऱ्या आणि प्रवाह बदलल्याची झळ लागण्याची शक्यता असलेल्या, नदीवर अवलंबून असणाऱ्या लोकांचा २०१० सालचा एक अंदाज मात्र ४७ कोटींहून अधिक आहे. इतक्या माणसांना नावच नसेल, तर त्यांची नोंद कोणत्या रकान्यात होणार?

सरळरेघ:
माझा आक्षेप 'ग्रस्त' या पदालाच आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या ओळीत धरणग्रस्त बसवला की धरण आभाळातून कोसळल्यासारखे वाटते आणि ते बांधण्याचा निर्णय कोणीतरी घेतला होता, हे वाक्यातून नाहीसे होते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या पुनर्वसन कायद्यातील 'प्रकल्पबाधित' हा शब्द निदान कारण तरी सांगतो. ब्राझीलमधील धरणविरोधी चळवळ 'आतिंजिदु' हा शब्द वापरते. त्याचा अर्थ ज्याच्यापर्यंत काही येऊन पोहोचले, ज्याला ते लागले, असा आहे. तेथे बुडाला की नाही, हा प्रश्न उरत नाही.

शब्दवेध:
'बाधित' हा कचेरीतला, रक्त नसलेला शब्द आहे. नदीकाठी कोणी स्वतःला प्रकल्पबाधित म्हणत नाही. 'धरणग्रस्त' मात्र लोकांनी मोर्चांत स्वतःच्या तोंडाने घोषणेसारखा उच्चारला आहे, म्हणून तो सोडू नये. आणि 'धरण' व 'धरणे' ही दोन्ही 'धृ' धातूची लेकरे आहेत, हेही पाहा. मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांसह मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन ठाण मांडले आणि काम थांबवले. धरणाच्या विरोधात धरणे धरावे, असे भाषेनेच सुचवले होते.

जुना वाचक:
ही ओढाताण आहे. देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसणे, हा 'धरणे'चा जुना अर्थ पाण्याच्या धरणाशी जोडलेला नाही. मुळशीच्या लोकांची घोषणा 'जान किंवा जमीन' अशी होती. त्यात 'धरणे' कुठे आहे?

सरळरेघ:
जुना अर्थ मात्र येथे चपखल लागतो. नदीचे पाणी अडवणारा हा तिच्यावर जगणाऱ्यांचा देणेकरीच आहे.

काठावरची:
'धृ'विषयी वाचून आनंद झाला, पण माझे वाक्य अजून रिकामेच आहे. तूर्त मी 'धरणाच्या खालच्या अंगाला नदीवर जगणारी माणसे' असे लिहिले आहे. एका परिच्छेदात ते चार वेळा येते आणि वाक्य चालेनासे होते.

शब्दवेध:
मग पहिल्या वेळी पूर्ण लिहा आणि पुढे 'धरणग्रस्त' म्हणा.

जुना वाचक:
आणि त्याच परिच्छेदात बुडालेल्या गावाचा उल्लेख आला, तर त्या माणसांना काय म्हणणार?