मदत हवी आहे: नेब्रास्कात जमिनीचा संवर्धन करार

नमस्कार मंडळी. नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये माझ्या सासऱ्यांचं रँच आहे. ते कायम कुरणच राहावं म्हणून त्यांना कॉन्झर्व्हेशन ईझमेंट (जमीन मालकाकडेच ठेवून तिच्या वापरावर कायमची बंधनं घालणारा करार) करायचंय. त्याला कौंटीची (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाची) मंजुरी लागते, आणि घोडं तिथेच अडलंय. २०२१मध्ये बायडन यांनी २०३०पर्यंत देशातली ३० टक्के जमीन-पाणी राखायचं जाहीर केलं, तेव्हापासून असे करार म्हणजे सरकारचा जमिनीवर डोळा, असं वाटून लोक बिथरलेत. तेव्हाचे गव्हर्नर रिकेट्स तर विरोधात सभा घेत फिरत होते. २०२५मध्ये ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला, तरी संशय गेला नाही. शेजारी म्हणतो, "आज कागद, उद्या कुंपण." (कौंटीचं मालमत्ता कराचं उत्पन्न घटेल ही भीती मात्र मला अगदीच खोटी वाटत नाही.) कुणी असा करार केलाय का? वकील गावातलाच बघावा की ओमाहासारख्या मोठ्या शहरातला? आणि गुरं चारण्याचा हक्क कागदात नेमका कसा लिहून घेतात?