सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक (तारा) तुटतात, म्हणून रिम बदलावी का?

वजन ९० किलो आणि रोज नाशिक-त्र्यंबक सायकलने म्हणताय, तर रिम डबल वॉलचीच (दुहेरी भिंतीची) घ्या, मागे ३६ भोकांची, म्हणजे ३६ स्पोकची. पण हब (चाकाचा मधला भाग, जिथून स्पोक निघतात) ३२ भोकांचा असेल तर रिमही ३२ चीच बसेल, हे आधी मोजा.

मात्र स्पोक हबजवळच्या वाकणाशी तुटत असतील, तर दोष बहुधा रिमचा नसून कमी ताणाचा. सैल स्पोक चाकाच्या प्रत्येक फेरीला ढिला-ताठ होत राहतो आणि तिथेच थकतो. गिअरच्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो ताण हवा, पण रिम बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा ओलांडू नका. अति ताणाने निपलच्या (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकाशी केसाएवढी चीर जाते. चाक पुसून भोकाभोवती नख फिरवा, चीर असेल तर अडकतं.

आणि रिम ब्रेक (रिमच्या कडेला रबर दाबणारे) असतील तर पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात रुतलेली वाळू टोकदार वस्तूने काढत जा, ती रिमचं अ‍ॅल्युमिनियम अक्षरशः खरवडते. बऱ्याच रिमांच्या कडेला झीज दाखवणारी खाच असते. ती दिसेनाशी झाली की रिम बाद. स्टीलची रिम नकोच, ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही.