दर वेळी वेगळंच मूळ कारण सापडतं. पद्धत चुकतेय का?

रात्रपाळी:
आमची ऑर्डर घेणारी सिस्टीम आठवड्यातून एकदा-दोनदा दहा-पंधरा मिनिटं अडकते आणि आपोआप सुटते. दर वेळी आम्ही 'पाच वेळा का' (प्रत्येक उत्तरावर पुन्हा 'का?' विचारत मुळाशी जायची पद्धत) विचारत बसतो. पहिल्यांदा एक मंद क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) निघाली, मग नेटवर्क, मग कुणीतरी भर दुपारी लावलेला रिपोर्ट. तिन्ही दोष खरे होते, तिन्ही काढले. काल पुन्हा अडकली. मॅनेजरांना आता फिशबोन आकृती हवीय, म्हणजे माशाच्या सांगाड्यासारखी, प्रत्येक काट्यावर एक शक्य कारण. काटे वाढतील, मासा काही हाती लागणार नाही, असं मला वाटतं. दुसरं काय करून बघावं?

बायसेक्टवाला:
सिस्टीममधला शेवटचा धड चाललेला बदल धरा, तिथपासून आजपर्यंतच्या बदलांच्या मधला तपासा, आणि दोष ज्या अर्ध्यात असेल त्याचं पुन्हा अर्धं-अर्धं करत या. १०२४ बदल असले तरी १० फेऱ्यांत सापडतो.

रात्रपाळी:
केलं. पण ती हवी तेव्हा अडकत नाही ना! 'चांगला' म्हणून बाजूला ठेवलेला बदल दोन दिवसांनी दगा देतो.

जुनी_खोड:
अर्धं-अर्धं करायला गुन्हेगार एकच लागतो, आणि बोलावल्यावर हजर होणारा लागतो. 'पाच का'चंही तेच. टोयोटाच्या कारखान्यात बंद पडलेल्या यंत्रामागे ती साखळी छान चालते, कारण तिथे एकामागे एकच कडी असते. डेव्ह स्नोडेन यांनी १९९९ मध्ये आयबीएममध्ये असताना 'कनेव्हिन' चौकट मांडली, कुठल्या प्रकारच्या अडचणीला कसं भिडायचं ते सांगणारी. तिच्यात किचकट आणि गुंतागुंतीचं हे वेगळे खाने आहेत. किचकट असेल तर जाणकार तपासून उत्तर काढतो. गुंत्यात कारण मागाहूनच कळतं, म्हणून आधी छोटा, मागे घेता येणारा प्रयोग करायचा. (पाचवा खाना 'नक्की कुठल्या खान्यात आहोत तेच कळत नाही' असा आहे. आमच्या बहुतेक बैठका तिथेच होतात.)
एक सांगा, उत्तर आलं नाही तर कोणता थर किती वेळा प्रयत्न करतो?

रात्रपाळी:
ॲप, मधली सेवा, डेटाबेसचा क्लायंट (डेटाबेसशी बोलणारा भाग). प्रत्येकी एकूण ३.

जुनी_खोड:
म्हणजे वाईट वेळी एका क्लिकच्या ३ × ३ × ३ = २७ विनंत्या! क्वेरी, नेटवर्क, रिपोर्ट या नुसत्या आगकाड्या. वाळलेलं गवत म्हणजे हे गुणाकाराने वाढणारे प्रयत्न. खालच्या दोन थरांत प्रयत्न १ वर आणा, दोन आठवडे बघा. पण माझा अंदाज कशाने खोटा ठरेल ते आधीच लिहून ठेवा: विनंत्या न फुगताही अडकली, तर मी चुकलो.

रात्रपाळी:
कालचा आलेख काढला. क्लिक नेहमीइतकेच, डेटाबेसवर विनंत्या जवळजवळ वीसपट. सोमवारी बदल लावतोय. फिशबोन मात्र काढावीच लागली.